'सब्लेट'चं मराठी काय? बाधणं आणि उचलून ठेवणं

प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्यात एम.ए.ला असलेली एक मुलगी एका इंग्रजी निबंधाचं मराठी करते आहे. निबंधात 'सब्लेट' हे क्रियापद दोनदा आलंय. आधी शंकराचार्यांच्या संदर्भात: दोरी ओळखली की सापाची प्रतीती 'सब्लेट' होते. मग चार पानांनी जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या संदर्भात: कळी फुलात 'सब्लेट' होते. कोशात तिला 'नाकारणे' मिळालं. ते दोन्हीकडे चालेल का, नसेल तर दोन्हीकडे चालेल असं एकच क्रियापद कुठलं, असं तिने विचारलंय.

अगं, 'नाकारणे' दोन्हीकडून काढून टाक. नाकारायला कोणीतरी नाकारणारा लागतो. स्थळ नाकारतात, आमंत्रण नाकारतात, म्हणजे हो म्हणायची सोय असते आणि तरी माणूस नाही म्हणतो. तिन्हीसांजेला बोळात दोरी पाहून दचकलेला माणूस दिवा घेऊन येतो आणि साप जातो, तेव्हा त्याने काही नाकारलेलं नसतं. साप ठेवून घ्यायची त्याची इच्छा असती तरी तो राहिला नसता. आणि फूल कळीला नाकारतं असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, दोघींचं काहीतरी बिनसलंय.

दुसरं म्हणजे एकच क्रियापद शोधायचा नाद सोड. इंग्रजीत हा शब्द एक आहे, पण तो योगायोगाने. मुळात तो लॅटिनचा. 'तोल्लेरे' म्हणजे उचलणं. त्याचं भूतकाळी धातुसाधित रूप 'सुब्लातुस', त्यावरून इंग्रजीत 'सब्लेट'. तर्कशास्त्राची मंडळी तो विधान काढून घेण्याच्या, नाकारण्याच्या अर्थाने वापरत होती. तुझ्या कोशाने तोच अर्थ दिलाय. जेम्स हचिसन स्टर्लिंग या स्कॉटिश लेखकाने १८६५ साली हेगेलवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हेगेलच्या 'आउफहेबेन' या जर्मन शब्दासाठी हाच शब्द घेतला, आणि तेव्हापासून तो हेगेलच्या नावावर चढला. पुढे वेदान्त इंग्रजीत नेणाऱ्यांना 'बाध'साठी, म्हणजे नंतरच्या ज्ञानाने आधीचं ज्ञान खोटं ठरण्यासाठी, शब्द हवा होता. त्यांनीही हाच घेतला. दोन वेगळ्या गावच्या पाहुण्यांना धर्मशाळेत एकच खोली मिळावी, तसं झालं. एलियट डॉइश या अभ्यासकाने मात्र १९६९ च्या अद्वैतावरच्या पुस्तकात बाधासाठी 'सब्लेट' सोडून 'सब्रेशन' असा निराळा शब्द चालवला. सगळ्यांनी काही तो उचलला नाही, म्हणून तुझ्या निबंधात ही वेळ आली.

आपल्या गावचं उदाहरण द्यायचं तर सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, इथे राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला गेला. इंग्रजी शब्द, आणि त्याच्यासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. मी तरुणपणी तो तासन्‌तास चाळायची. दप्तरातल्या शब्दांना ती रांग शोभते, कारण 'पावती' ही आठही भाषांत पावतीच असते. 'सब्लेट'ला तसली रांग लावता येत नाही. त्याच्यासाठी आधी 'कोणाचा?' असं विचारावं लागतं.

आता बाध. इथे मराठी भाषांतरकाराची पंचाईत अशी की शब्द परका नाही, नको इतका ओळखीचा आहे. दही बाधतं, ऊन बाधतं, लहान पोराला दृष्ट बाधते. विषबाधा, भूतबाधा आहेतच. वर्तमानपत्रांनी पूरबाधित आणि कोरोनाबाधित आणखी घट्ट बसवले. या सगळ्यांत ज्याला बाधलं तो शिल्लक असतो. आजारी पडतो, नुकसान सोसतो, पण असतो. वेदान्तात उलट. तिथे ज्याचा बाध झाला ते उरत नाही, एवढंच नव्हे, ते आधीही नव्हतं असं कळतं.

त्यात आपण वडोदऱ्याचे. गुजरातीत 'बाधा' म्हणजे नवस, आणि 'बाधवुं' म्हणजे भांडणं. माझी एक काकू लग्न होऊन साताऱ्याहून इथे आली तेव्हाची गोष्ट. शेजारच्या बाई मराठीच, पण तीन पिढ्या इथल्या. त्यांनी दारात उभ्या उभ्या सहज सांगितलं, "मला बाधा आहे ना, दिवाळीपर्यंत गोड बंद." काकूने हातातला लाडू तसाच परत डब्यात ठेवला. रात्री आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्यांना कोणाला दाखवलंय का?" आई इतकी हसली की बाबा उठून आले. पण नीट पाहिलं तर तिन्ही अर्थांच्या तळाशी एकच धातू आहे, अडवणं आणि मागे रेटणं. नवसात माणूस स्वतःला अडवतो, भांडणात दुसऱ्याला, आणि दही पोटाला.

शास्त्रांतही हे अडवणंच आहे, फक्त कमीजास्त जोराचं. व्याकरणवाल्यांचं आवडतं उदाहरण: ब्राह्मणांना दही द्या, कौण्डिन्याला ताक. कौण्डिन्यही ब्राह्मणच, म्हणजे दह्याचा नियम त्यालाही लागला असता. पण ताकाच्या खास आज्ञेने तो त्याच्यापुरता अडला. याला तक्रकौण्डिन्य न्याय म्हणतात. अपवाद उत्सर्गाला, म्हणजे सर्वसाधारण नियमाला, बाधतो, तो असा. (कौण्डिन्याला दही खरोखरच बाधत असेल का, हे भाष्यकार सांगत नाहीत.) यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं उदाहरण मला त्याहून आवडतं. एका यागात तांदळाऐवजी कृष्णल, म्हणजे सोन्याचे कण, शिजवायचे असतात. मूळ यागात भात कांडायला सांगितलंय. मग सोनंही कांडायचं का? नाही, कारण कांडायचं ते तूस काढायला आणि सोन्याला तूस नाही. म्हणून तिथे कांडण्याचा बाध. या दोन्ही ठिकाणी नियम खोटा पडलेला नाही. दही इतर पानांत वाढलं जातंच आणि भात कांडला जातोच. नियमाची धाव एका जागी थांबली, एवढंच.

न्यायशास्त्रात 'बाधित' हे एका हेत्वाभासाचं, म्हणजे फसव्या कारणाचं, नाव आहे. अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे, असं कोणी अनुमान केलं तर त्याच्याशी वाद घालत बसावं लागत नाही. चटका बसतो. जे सिद्ध करायचं ते साध्य प्रत्यक्षानेच खोटं ठरलेलं असतं. इंग्रजीत कोणी कोणी यालाही 'सब्लेटेड' म्हणतात. तुझ्या निबंधात ते नाही, म्हणून पुढे जाते.

वेदान्तातला बाध सर्वांत जोरकस. सतराव्या शतकातल्या धर्मराज अध्वरींद्रांनी 'वेदान्तपरिभाषा' या ग्रंथात एक फरक सांगितलाय, तो कळला की भाषांतराचं निम्मं काम झालं. कार्याचा नाश दोन तऱ्हेचा. मुसळ घालून घडा फोडला तर घडा गेला, पण ज्याचा तो झाला होता ती माती राहिली. ही निवृत्ती. दोरीवरचा साप जातो तेव्हा तो ज्याचा झालेला असतो ते अज्ञानही त्याच्याबरोबर जातं. हा बाध. घड्याच्या खापऱ्या गोळा करता येतात, सापाची कात मागे राहत नाही. म्हणून आपण मागे वळून 'इथे मघाशी साप होता' असं म्हणत नाही. 'इथे साप नव्हताच' असं म्हणतो. तो 'च' म्हणजेच बाध.

रोजच्या मराठीत याच्या जवळचं काही हवं असेल तर कचेरीत शोध. संचारबंदी उठवली असं आपण म्हणतो, तेव्हा कालपर्यंत ती होती, कालचा दंड भरावाच लागतो. पण न्यायालयाने एखादा करार मुळापासून रद्दबातल ठरवला, तर तो कधी झालाच नव्हता असं धरून पुढे जायचं असतं. 'उठवणं' आजपासून लागू होतं, 'रद्दबातल ठरवणं' मागेही पोचतं. वेदान्ताचा बाध दुसऱ्या जातीचा. मात्र भाषांतरात 'रद्दबातल' लिहू नकोस, स्टॅम्पपेपरचा वास येईल.

मग काय लिहायचं? 'बाध होणे' किंवा 'बाधित ठरणे'. 'बाधित होणे' व्याकरणाने बरोबर असलं तरी मी आता टाळते. 'साप बाधित झाला' असं वाचलं की आजच्या वाचकाला साप तापाने फणफणलेला दिसतो. 'ठरणे'ने काम सोपं होतं, कारण त्यात निवाडा आहे, आणि निवाडा मागच्या काळालाही लागतो. 'तो निर्दोष झाला' आणि 'तो निर्दोष ठरला' हे मनात शेजारी शेजारी ठेवून बघ. कर्तरी वाक्य हवं असेल तर घरगुती 'बाधणे' चक्क चालतं: नंतरचं ज्ञान आधीच्या ज्ञानाला बाधतं. 'दही मला बाधतं' आणि हे वाक्य, रचना एकच आहे बघ. 'ला' बरोबर त्याच जागी बसतो. संस्कृत शब्द पुस्तकातून मराठीत आला नाही, तो आपल्या जेवणघरातून फिरून आलाय.

'निरास' हा पर्यायही तुला कोणी सुचवेल. शंकानिरसन, भ्रमनिरास यांमुळे तो कानाला गोड लागतो. पण 'भ्रमनिरास' आपण निराशेसाठी वापरतो. नोकरीत भ्रमनिरास झाला, पुढाऱ्याबद्दल भ्रमनिरास झाला, की माणूस खट्टू. वेदान्त्याचा भ्रमनिरास झाला तर त्याने पेढे वाटायला हवेत. हा सूर चुकतो म्हणून बाधासाठी मी निरास वापरत नाही. तो मी हेगेलसाठी राखून ठेवलाय.

तिकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच गावाशी जोडलेली आहे आणि तुला निबंधाच्या टिपेत उपयोगी पडेल. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९४० साली जयराशी भट्टाचं 'तत्त्वोपप्लवसिंह' छापलं गेलं. पाटणच्या भांडारातल्या ताडपत्रावरून, सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादलेलं. हा जयराशी आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराचा, कोणाचंच न चालू देणारा माणूस. इतर सगळे म्हणतात, ज्या ज्ञानाचा बाध होत नाही ते खरं. जयराशी विचारतो, बाध झाला नाही तो ज्ञान खरं होतं म्हणून, की बाध व्हायची सामग्रीच जमली नाही म्हणून? लांबून मृगजळ पाहिलं आणि माणूस जवळ न जाता दुसरीकडे निघून गेला. त्याच्या त्या पाण्याचा बाध कधीच होणार नाही. मग ते पाणी झालं का? मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दुपारची वेळ होती, बाहेर सुरसागर तलावावर ऊन नाचत होतं, आणि मी पुस्तक मिटून चांगली दहा मिनिटं बसून राहिले. भाषांतराच्या दृष्टीने मुद्दा एवढाच: 'अबाधित' म्हणजे 'खरं' असं सरळ लिहू नकोस. 'अजून ज्याचा बाध झालेला नाही' आणि 'ज्याचा बाध होऊच शकत नाही' या दोन गोष्टी आहेत, आणि अद्वैती जेव्हा ब्रह्माला अबाधित म्हणतो तेव्हा त्याला दुसरी अभिप्रेत असते. रोजच्या मराठीतलं 'आमची मैत्री अबाधित आहे' हे पहिल्याच जातीचं, हे सांगायला नको.

आता हेगेल. 'आउफहेबेन' हे जर्मन घरातलं साधं क्रियापद आहे. खाली पडलेलं उचलणं, जपून ठेवणं, आणि कायदा किंवा बंदी उठवणं, तिन्हीला तेच. हेगेल स्वतः तर्कशास्त्राच्या ग्रंथात थांबून सांगतो की या शब्दात राखणं आणि संपवणं हे दोन्ही एकदम आहे, आणि भाषेने असा शब्द आयता द्यावा याचा त्याला आनंद वाटतो. तिथेच तो रोमन वक्ता सिसेरोच्या एका कोटीची आठवण काढतो. सिसेरो तरुण ऑक्टेव्हियनबद्दल, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसबद्दल, म्हणाला होता म्हणे, की या पोराची स्तुती करावी, त्याला मान द्यावा, आणि त्याला उचलावं. 'तोल्लेरे'. वर चढवावं, की वाटेतून दूर करावं? मराठीत ही कोटी भाषांतर न करताच जमते, बघ. आपण मुद्दा उचलून धरतो, पोलिस माणसाला उचलतात, आणि साहेबाची उचलबांगडी होते. हेगेलची तक्रार एवढीच की लॅटिन शब्द वर उचलण्यापर्यंत पोचतो, जपून ठेवण्यापर्यंत नाही.

मराठी पोचते. माझ्या आईचं वाक्य होतं, फराळ संपला की दरवर्षीचं: "तो सोऱ्या धुऊन पुसून उचलून ठेव." पितळी सोऱ्या, त्याच्या पाच चकत्या, चकलीची चांदणी, शेवेची बारीक आणि जाड. कोरड्या फडक्याने पुसायच्या, जुन्या मलमलीत गुंडाळायच्या, आणि माळ्यावर. यात काय काय झालं ते पाहा. सोऱ्या वापरातून गेला, ओट्यावर आता तो नाही. तो वर गेला, अक्षरशः. आणि तो जपला गेला, पुढच्या वर्षासाठी. 'उचलून ठेवणे' या दोन शब्दांत आउफहेबेनचे तिन्ही पदर आहेत. जर्मन गृहिणीही शिल्लक दोरा, चांगली बाटली, कामाचं खोकं 'आउफहेबेन'च करते. वर्गात मी पंचवीस वर्षं हाच सोऱ्या चालवला. मुलांना हेगेल आवडायला लागायचा, निदान तासभर.

पण निबंधात 'कळी फुलात उचलून ठेवली जाते' असं लिहू नकोस. ते हास्यास्पद वाटेल हे एक, आणि अर्थही शेवटच्या टोकाला फसतो. माळ्यावरचा सोऱ्या पुढच्या दिवाळीपर्यंत काही करत नाही. हेगेलची कळी तशी स्वस्थ बसत नाही. १८०७ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो कळी, फूल आणि फळ यांचं उदाहरण देतो: फुलाने कळी खोडून काढली असं म्हणता येईल, आणि फळ आलं की फूल खोटं ठरलं असं; तरी तिन्ही एकाच झाडाच्या जगण्यात सारखीच लागतात. मागची पायरी पुढच्या पायरीच्या आत कामाला असते. म्हणून तिथे 'सामावणे' हवंच. मी पहिल्यांदा शब्द येतो तिथे ऐसपैस लिहिते, 'निरसून सामावून घेतली जाते', आणि पुढे नुसतं 'सामावते'. संज्ञा लागली तर 'समावेशक निरास'. रुक्ष आहे, कबूल. इंग्रजीवाल्यांचंही याबाबत एकमत नाही. मिलर यांनी हेगेलच्या या १८०७ च्या ग्रंथाच्या १९७७ मधल्या इंग्रजी भाषांतरात 'सुपरसीड' पसंत केलं, आणि फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने 'रलेव' सुचवलं, ज्यात उचलणंही आहे आणि पहाऱ्यावरच्या शिपायाची बदलीही.

हे सगळं मी शहाणपणाने सांगत असले तरी एकदा मीच तोंडघशी पडले आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. हेगेलवरचा लेख एका मासिकासाठी मराठीत केला, आणि 'सब्लेट' दिसलं की 'बाध' असं ठोकून दिलं, कारण वेदान्त शिकलेली होते आणि हात तिकडेच जायचा. लेख छापून आला. माझ्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी अंक परत पाठवला, त्यात 'फुलाने कळीचा बाध होतो' या वाक्याखाली लाल पेन्सिलने रेघ, आणि समासात एकच ओळ: 'म्हणजे कळी नव्हतीच? मग माळ्याने पाणी कशाला घातलं?' तो अंक अजून माझ्याकडे आहे. हो, उचलून ठेवलाय.

त्या ओळीतच तुझ्या प्रश्नाची कसोटी आहे. 'सब्लेट' दिसलं की विचारायचं: आधीची गोष्ट होती का? नव्हतीच असं लेखकाला म्हणायचं असेल तर बाध. होती, आणि वेगळ्या रूपात अजून आहे असं म्हणायचं असेल तर निरसून सामावणं.

तेव्हा तुझी दोन वाक्यं मी अशी करीन. पहिलं: 'दोरीचं ज्ञान झालं की सर्पप्रतीतीचा बाध होतो, आणि तिथे साप कधीच नव्हता हे कळतं.' मूळ वाक्यात दुसरा अर्धा नाही, तो तुझा. पहिल्यांदा येताना घाल, पुढे गाळ. दुसरं: 'कळी फुलात निरसून सामावली जाते, ती कळी म्हणून संपते, पण फुलाच्या घडणीत राहते.' इथेही तेच.

एक धोका राहतो. चार पानांच्या अंतराने एकच शब्द लेखकाने मुद्दाम वापरला असेल, शंकराचार्य आणि हेगेल एकाच ठिकाणी पोचतात असं दाखवायला, तर तुझ्या दोन वेगळ्या शब्दांनी त्याचा मुद्दाच बुडेल. (मुद्दा कच्चा आहे असं मला वाटतं, पण तो त्याचा आहे, आपण भाषांतरकार.) तशा वेळी दोन्हीकडे देवनागरीत 'सब्लेट' ठेव आणि पहिल्या पानाच्या तळाला टीप दे. निबंधाच्या शेवटी तो दोघांना एकत्र आणतो का ते बघ, आणि आणत असेल तर तो परिच्छेद मला पाठव. तो वाचल्याशिवाय या बाबतीत मी पुढे काही सांगणार नाही.